तुमच्या पडद्यावर चौदावा प्रश्न वेगळा होता

प्रति,
सर्व परीक्षा मंडळांचे अध्यक्ष, विद्यापीठांचे परीक्षा नियंत्रक आणि भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थांचे प्रमुख

विषय : संगणकाने तयार केलेले प्रश्न, संगणकाने जुळवलेल्या प्रश्नपत्रिका आणि त्यांवर येणाऱ्या हरकती

स.न.वि.वि.

मी गणित शिकवते. पेपर काढणं, मॉडरेशन (म्हणजे दुसऱ्याने काढलेला पेपर तपासणं), उत्तरसूची, हरकतींची छाननी ही चारही कामं मी वर्षानुवर्षं केली आहेत. यंत्राने प्रश्न काढू नयेत असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. मी स्वतः त्यासाठी साचे, म्हणजे संगणकाने प्रत्येक पोरासाठी वेगळे आकडे भरायचे रिकाम्या जागांचे प्रश्न, लिहिले आहेत आणि पुढेही लिहीन. पण त्यातल्या एका साच्यात माझी चूक झाली, आणि त्या चुकीचं पुढे जे झालं ते तुम्हा सगळ्यांच्या कानावर घालायला हवं असं वाटलं. मंडळाचं नाव सांगत नाही. जे त्या मंडळात झालं ते कुठेही होऊ शकतं.

साचा असा होता. एका टाकीला दोन नळ आहेत. पहिला नळ रिकामी टाकी ‘क’ तासांत भरतो, दुसरा भरलेली टाकी ‘ख’ तासांत रिकामी करतो. दोन्ही एकदम उघडले तर रिकामी टाकी किती तासांत भरेल? क ची किंमत २ ते ६, आणि ख ची क पेक्षा मोठी, १२ पर्यंत. टाकी भरायला हवी ना, म्हणून ख मोठा ठेवण्याची काळजी मी घेतली होती आणि त्याचं मला कौतुकही वाटलं होतं. बरोबर उत्तर म्हणजे दोन्ही संख्यांचा गुणाकार भागिले त्यांची वजाबाकी. चुकीचे पर्याय पोरं प्रत्यक्षात करतात त्या चुकांवरून घेतले. कोणी दोन्ही नळ भरणारेच धरतं, कोणी नुसती वजाबाकी करतं, आणि ज्याला काहीच सुचत नाही ते प्रश्नातली मोठी संख्या उचलून ठेवतं. ४ आणि ६ घेऊन बघा. बरोबर उत्तर १२ तास, चुकीचे पर्याय २.४, २ आणि ६. छान प्रश्न आहे.

आता ३ आणि ६ घ्या. गुणाकार १८, वजाबाकी ३, उत्तर ६. आणि ‘मोठी संख्या उचलणाऱ्यांसाठी’ ठेवलेला पर्यायही ६. चार पर्यायांत दोन सहा. यंत्राच्या लेखी त्यातला एकच बरोबर.

ख हा क च्या बरोबर दुप्पट असला की प्रत्येक वेळी हेच होतं. २ आणि ४, ३ आणि ६, ४ आणि ८, ५ आणि १०, ६ आणि १२. माझ्या साच्यातून एकूण ४० प्रश्न निघत होते, त्यांतले ५ असे बिघडलेले. म्हणजे दर आठ पोरांमागे एकाला सदोष प्रश्न. साचा मंजूर करण्याआधी संगणकाने मला ६ नमुने दाखवले होते. मी सहाही नीट सोडवले, सगळे ठीक निघाले, मी सही केली. नंतर हिशेब मांडला : ४० मधून कोणतेही ६ उचलले तर त्यांत ते पाचांपैकी एकही न येण्याची शक्यता शंभरात ४२ आहे. जवळजवळ नाणं उडवल्यासारखंच. आणि मी गणिताची बाई.

परीक्षा झाली. हरकती आल्या. एका मुलीने लिहिलं होतं, ‘प्र. १४ मध्ये ब पर्याय ६ आहे आणि ड पर्याय पण ६ आहे. मी ड केला.’ इतकंच, दोन ओळी. तिला उत्तर गेलं : ‘प्रश्न तपासला, त्रुटी आढळली नाही.’

कोणी खोटं बोललं नव्हतं. हरकत बघणाऱ्या माणसाने आपल्या पडद्यावर चौदावा प्रश्न उघडला, आणि त्याला दिसला ४ आणि ६ वाला. त्यात खरंच त्रुटी नव्हती. त्या मुलीला कोणते आकडे आले होते हे त्याच्या पडद्यावर कुठेच नव्हतं. ते बघायला वेगळ्या यंत्रणेत जावं लागत होतं, आणि तिथे जायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे दुसऱ्याच कारणाने तो साचा माझ्याकडे परत आला, मी सहज चाळीसच्या चाळीस ओळी छापून घेतल्या आणि मला घाम फुटला.

ह्या प्रकारात माझी चूक मोठी, पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची.

परीक्षा सुटली की फाटकाबाहेर काय चालतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. पोरं घोळका करून उत्तरं ताडून बघतात. ‘तुझं काय आलं?’ ‘अरे पण त्यात तर दोन पर्याय सारखे होते.’ ‘हो ना, मलाही तेच वाटलं.’ पाचव्या मिनिटाला एखादा शिक्षक त्यात सामील होतो, रात्रीपर्यंत शंभर मोबाइलवर तो प्रश्न फिरतो, दुसऱ्या दिवशी हरकतींचा ढीग लागतो आणि मंडळाला गुण द्यावे लागतात. आपण त्या घोळक्याला कधी दाद दिली नाही, पण इतकी वर्षं आपल्या प्रश्नपत्रिकांची सगळ्यात कडक तपासणी तोच फुकटात करत आला आहे. त्याची ताकद एकाच गोष्टीत होती : सगळ्यांच्या हातात एकच कागद होता.

प्रत्येकाला वेगळा पेपर दिला की तो घोळका राहतो, पण त्याला बोलायला विषय राहत नाही. ‘तुझ्या टाकीचं काय आलं?’ ‘साडेसतरा.’ ‘माझं सहा.’ झालं, संपलं. तिच्यासारखेच आकडे आलेलं दुसरं पोर भेटण्याची शक्यता चाळिसात एक, आणि भेटलं तरी ओळखायचं कसं? ज्याला चूक दिसते त्याला ती एकट्यालाच दिसते, आणि एकटं पोर मंडळापुढे बहुतेक वेळा स्वतःलाच चुकीचं समजतं. त्या मुलीने लिहिलं हे मी नशीब समजते. तिच्यासारखा प्रश्न आलेल्या बाकी कोणीही हरकत घेतली नव्हती.

वेगळे पेपर देण्याची कारणं मला माहीत आहेत आणि ती खरी आहेत. एकच पेपर असला की तो एकदा फुटला म्हणजे सगळ्यांचा फुटला. कॉपी होते. परीक्षा दहा सत्रांत घ्यायची तर दहा समान पेपर लागतात आणि ते हाताने काढता काढता माणसं थकतात. ४० प्रश्नांचे असे ५ साचे असले तरी त्यांतून १० कोटींवर वेगवेगळ्या जुळण्या निघतात. हे सगळं मान्य. माझं म्हणणं एवढंच की घोळका जे काम करत होता ते आता तुम्हाला स्वतः करावं लागेल, आणि ते अजून कोणी अंगावर घेतलेलं दिसत नाही.

हे तंत्र काही काल-परवाचं नाही. १९६८ साली हाइव्हली या अमेरिकन संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंकगणिताच्या चाचण्यांसाठी प्रश्नांचे साचे मांडले होते : ठरलेलं वाक्य, त्यात रिकाम्या जागा, आणि त्या जागांत काय भरायचं याचे नियम. १९७० मध्ये बोरमथ यांनी धड्यातल्या वाक्यांवरून ठरावीक नियमांनी प्रश्न कसे बनवता येतील हे दाखवलं. १९८० च्या दशकात वैद्यकीय परवाना परीक्षांसाठी साच्यांचं काम सुरू झालं. ज्यांनी या विषयात आयुष्य घातलं त्यांनी एक भेद फार आधी करून ठेवला आहे. साच्यातले काही घटक गाभ्याचे असतात, ते बदलले की प्रश्नाची काठिण्य पातळी बदलते. काही वरवरचे असतात, ते बदलले तरी प्रश्न तोच राहतो. टाकीच्या जागी हौद केला तर काही बिघडत नाही. पण ४ आणि ६ च्या जागी ५ आणि ७?

परत माझ्या चाळीस ओळींकडे येते. त्यांतल्या १७ प्रश्नांचं उत्तर पूर्ण तासांत येतं. उरलेल्या २३ मध्ये अपूर्णांक येतो. ६ आणि ९ वाल्याला १८ मिळतात आणि तो निश्चिंतपणे पुढे जातो. ५ आणि ८ वाल्याला १३ पूर्णांक एकतृतीयांश येतात. आता उत्तर असं ‘वाकडं’ आलं की पोर काय करतं? ते पुन्हा पहिल्यापासून सोडवतं, कारण आपणच त्याला वर्षानुवर्षं शिकवलं आहे की पुस्तकातलं उत्तर सरळ येतं. दोन मिनिटं गेली. त्या दोन मिनिटांत शेजारच्याने दोन प्रश्न सोडवले. कागदावर दोघांचा चौदावा प्रश्न एकाच साच्याचा, एकाच गुणाचा, संविधान तक्त्यात, म्हणजे कोणत्या प्रकारचे किती प्रश्न घ्यायचे त्या आराखड्यात, एकाच चौकटीत बसलेला. मी संख्येला वरवरचा घटक समजले होते. तो गाभ्याचा निघाला.

यावर तुमचे तांत्रिक सल्लागार म्हणतील की आकडेवारीत हे दिसलं असतं. मला शंका आहे. समजा, त्या साच्यातला चांगला प्रश्न ७० टक्के पोरं बरोबर सोडवतात. बिघडलेल्या प्रश्नात ज्यांना उत्तर येत होतं त्यांतल्या निम्म्यांनी ‘दुसरा सहा’ निवडला, म्हणजे तिथे ३५ टक्के. आठात एक प्रश्न बिघडलेला, तर सगळ्या साच्याची मिळून टक्केवारी येते ६६ च्या आसपास. ७० च्या जागी ६६. असा आकडा बघून कोणत्याही विश्लेषकाची भुवई वर जाणार नाही. तुमची आकडेवारी साच्याच्या नावाने साठते, पोराला मात्र साचा दिसत नाही, त्याला एकच प्रश्न दिसतो. शिवाय एखादा प्रश्न जन्मात दोन-चारच परीक्षार्थींपुढे गेला असेल तर त्याची स्वतःची काठिण्य पातळी तुम्ही मोजणार कशी? ती त्याच्या कुटुंबावरून, म्हणजे त्याच साच्यातल्या बाकी प्रश्नांवरून, अंदाजाने लावावी लागते. आणि एकाच घरातली पोरं सारखी नसतात हे शिक्षकांना सांगायला नको.

आता भाषेबद्दल, कारण गणितापेक्षा इथे जास्त घोळ होतो आणि मराठीत तर विचारूच नका.

बरेचसे साचे परभाषेत तयार होतात आणि मग त्यांचं मराठी केलं जातं. ज्या भाषेत ‘विकत घेणं’ हे क्रियापद वस्तू बदलली तरी बदलत नाही, तिथला साचा बनवणारा निर्धास्तपणे लिहितो : अमुकने इतक्या तमुक घेतले. आपल्याकडे खडू घेतले, वह्या घेतल्या आणि पेनं घेतली. साच्यात ‘घेतले’ कोरून ठेवलेलं, रिकाम्या जागेत ‘वही’ येते, आणि प्रश्न छापला जातो : ‘मीनाने ७ वही घेतले.’ पोराला अर्थ कळतो, गुण जात नाही, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. मला ते खपत नाही, पण असो, तो माझा स्वभाव.

खरा धोका लिंगाने उत्तर फुटण्याचा. हे बघा : ‘मुळांनी शोषलेलं पाणी पानांपर्यंत नेणारी ______ असते.’ पर्याय : देठ, पर्णरंध्र, जलवाहिनी, हरितद्रव्य. विज्ञानाचं पुस्तक न उघडलेलं पोरही सांगेल, कारण ‘नेणारी’ला चालेल असा शब्द चारांत एकच आहे. यंत्राने बरोबर उत्तर असलेलं वाक्य धड्यातून उचललं, उत्तराच्या जागी रेघ मारली आणि त्याच प्रकरणातून तीन नामं शोधून पर्याय म्हणून लावली. यंत्राच्या हिशेबी काम फत्ते. अनुभवी पेपर सेटर असा प्रश्न बघताच ‘नेणारा घटक कोणता?’ असं फिरवून टाकतो, दोन सेकंदांचं काम आहे. पण त्या दोन सेकंदांसाठी कोणीतरी तो प्रश्न मराठीत वाचलेला असावा लागतो. मूळ भाषेत वाचून मंजूर केलेला साचा मराठीत मंजूर झाला असं धरू नका. तो मराठीत नवा साचा असतो.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आलं आणि तेव्हापासून साच्यांची कटकटच नको असा सूर ऐकू येतो. धडा द्या, ‘आकलन पातळीचे २० बहुपर्यायी प्रश्न काढ’ म्हणा, चहा गार व्हायच्या आत २० प्रश्न हजर. मीही वापरते. कच्चा माल म्हणून फार उपयोगी, विशेषतः चुकीचे पर्याय सुचवायला. पण त्यातल्या ज्या खोडी मला वारंवार दिसल्या त्या ओळखीच्या आहेत : बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांब आणि सावध शब्दांत लिहिलेला, दोन पर्याय नीट बघितले तर दोन्ही बरोबर, आणि ‘उपयोजन’ (शिकलेलं नव्या ठिकाणी वापरायला लावणारा) म्हणून दिलेला प्रश्न प्रत्यक्षात व्याख्या विचारणारा. नवशिका पेपर सेटर अगदी ह्याच चुका करतो. फरक एवढा की नवशिक्याला आपला प्रश्न दाखवताना थोडी धाकधूक असते.

साचा आणि हे भाषेचं यंत्र यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो बैठकांमध्ये कोणी बोलत नाही. माझा साचा कितीही वाईट असला तरी त्याच्या ४० ओळी छापून भिंतीवर लावता येत होत्या. तो संपणारा होता. मी ते केलं नाही हा माझा आळस. भाषेच्या यंत्रातून काय काय निघू शकतं याची यादी कोणालाच छापता येत नाही. म्हणून साच्याला साच्याच्या पातळीवर मंजुरी देता येते, यंत्राला तशी मंजुरी देताच येत नाही. त्याने काढलेला एकेक प्रश्न माणसाने वाचायचा, दुरुस्त करायचा, गोठवायचा, आणि मगच तो प्रश्नपेढीत, म्हणजे प्रश्नांच्या साठ्यात, जायचा. परीक्षार्थी समोर बसलेला असताना मागे यंत्र ताजा प्रश्न बनवून देत आहे, असली व्यवस्था कोणी तुम्हाला विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि दुसऱ्या यंत्राने पहिल्याचे प्रश्न तपासले याला तपासणी म्हणू नका. आणखी एक, जाता जाता : उद्याच्या पेपरातला प्रश्न ‘जरा भाषा सुधारून दे’ म्हणून कोणी बाहेरच्या यंत्रात टाकत असेल तर त्याने तो मंडळाच्या कुलपाबाहेर काढला आहे. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न बनले. आता ते जुळवायचे.

इथे यंत्र माणसापेक्षा सरस आहे हे मी मोकळेपणाने कबूल करते. २०० प्रश्नांच्या पेढीतून २० निवडायचे तर किती वेगवेगळे पेपर होतात? १६ च्या पुढे २६ शून्यं. माणूस त्यांतले पाच-सहा चाचपून एक पसंत करतो आणि समतोल साधला म्हणून सुस्कारा टाकतो. संगणकाला हा प्रश्न गणित म्हणून घालता येतो. प्रत्येक प्रश्नाला १ किंवा ०, घेतला किंवा सोडला. मग अटी : बीजगणिताचे ८, भूमितीचे ७, उपयोजनाचे किमान ६, एकूण वेळ इतका, काठिण्य अमुक ते तमुक. ह्या अटी पाळून जो पेपर परीक्षार्थीची क्षमता सगळ्यात अचूक मोजेल तो शोध. १९८० च्या दशकात टेउनिसेन, व्हॅन डर लिंडेन अशा नेदरलँड्समधल्या मंडळींनी हे रीतसर मांडलं आणि ते उत्तम चालतं. आपला संविधान तक्ता हा शेवटी अटींचा तक्ताच असतो.

पण यंत्र लिहिलेल्या अटी पाळतं. न लिहिलेल्या अटी पेपर सेटरच्या डोक्यात असतात. पाचव्या प्रश्नाच्या वाक्यात एकविसाव्याचं उत्तर पडलेलं नसावं. एकाच सूत्रावरचे तीन प्रश्न एका पेपरात नसावेत, मग ते तीन वेगळ्या पाठ्यघटकांच्या नावाखाली नोंदलेले का असेनात. सुरुवातीला एखादा धीर देणारा प्रश्न असावा. ह्या गोष्टी आम्ही कधी कागदावर मांडल्या नाहीत, कारण गरजच पडली नाही. आता प्रश्नपेढीतल्या प्रत्येक प्रश्नाबरोबर ‘हा कोणाकोणासोबत येऊ नये’ ही नोंद हवी. साच्यातल्या प्रश्नांना तर हवीच हवी, नाहीतर एका पोराच्या पेपरात दोन टाक्या आणि चार नळ.

आणि मग ती रात्र येते जेव्हा यंत्र सांगतं की या अटींत बसणारा पेपर निघत नाही. मी अशा एका रात्री हजर होते. पेढीत भूमितीचे उपयोजनाचे प्रश्न कमी पडत होते. सकाळी फाईल जायची होती. खोलीत तिघं होतो, कोणीतरी म्हणालं, ‘उपयोजन सहाचे चार करून बघा.’ केलं. पेपर निघाला. सगळे घरी गेले. तो बदल कुठे नोंदला गेला? कुठेच नाही. निकालपत्रासोबत जो संविधान तक्ता जाहीर झाला त्यात उपयोजन सहाच होतं. हाताने पेपर काढताना आम्ही अशी तडजोड करत नव्हतो असं नाही, पण तेव्हा ती एका पेपरात होई आणि मॉडरेटरच्या डोळ्यांखालून जाई. इथे एक आकडा बदलला आणि एका सत्रातल्या सगळ्या पोरांची परीक्षा दुसऱ्या सत्रापेक्षा वेगळी झाली.

पेढीचं आणखी एक दुखणं आहे. सगळ्यात अचूक मोजणारा पेपर शोध म्हटलं की यंत्र दरवेळी तेच उत्तम भेदनक्षमतेचे (हुशार आणि कच्ची पोरं नीट वेगळी करणारे) प्रश्न पुढे ढकलतं आणि बाकीची पेढी धूळ खात पडते. कागदावर हजार प्रश्न, चलनात दोनशे. १९९४ मध्ये अमेरिकेत जीआरई ह्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या संगणकीय परीक्षेला कॅप्लन ह्या शिकवणी कंपनीने आपली माणसं बसवली. त्यांनी प्रश्न लक्षात ठेवून बाहेर येऊन लिहून काढले, आणि परीक्षा घेणाऱ्या ईटीएसला नेऊन दाखवले की बघा, तुमचे प्रश्न इतके परत परत येतात. ईटीएसने त्यांना कोर्टात खेचलं. कायद्याने कोण बरोबर तो भाग वेगळा, पण त्यानंतर कोणता प्रश्न किती वेळा वापरायचा यावर मर्यादा घालणं हा जगभर ह्या कामाचा नेहमीचा भाग झाला. तुमच्याकडे ती मर्यादा किती आहे? आकडा विचारला तर चटकन सांगता येईल असं कोणी तुमच्या कार्यालयात आहे का?

मागण्यांची यादी द्यावी असा खुल्या पत्रांचा रिवाज आहे. मला चार गोष्टी हव्या आहेत, आणि त्यातली पहिली बाकी तिघींपेक्षा फार मोठी आहे.

प्रत्येक परीक्षार्थीला त्याला आलेला पेपर, तेच आकडे, तोच पर्यायांचा क्रम, त्याने दिलेलं उत्तर आणि मंडळाने धरलेलं उत्तर असं सगळं परीक्षेनंतर मिळालं पाहिजे. प्रातिनिधिक प्रश्नपत्रिका नव्हे, त्याची स्वतःची. आणि हरकत बघणाऱ्या माणसाच्या पडद्यावर तोच कागद उघडला पाहिजे, दुसरा उघडताच येऊ नये. प्रश्न क्रमांक १४ ह्याला आता काही अर्थ उरलेला नाही. हरकत क्रमांकावर नव्हे तर त्या एका प्रश्नावर नोंदली जाऊ दे, आणि ती खरी ठरली तर त्या साच्यातून निघालेले सगळे प्रश्न त्याच दिवशी आपोआप तपासणीला लागू देत. एका मुलीच्या दोन ओळींनी बाकी सगळ्यांची दाद लागली पाहिजे, मग त्यांनी हरकत घेतलेली असो वा नसो. फाटकाबाहेरचा घोळका तुम्ही मोडला आहे, त्याची ही भरपाई आहे.

बाकीचं थोडक्यात. साच्याला मंजुरी नमुने बघून नको, शक्य असतील तेवढ्या सगळ्या किमती घालून हवी. पर्याय सारखे होतात का, उत्तर शून्य किंवा ऋण येतं का, अपूर्णांक किती ठिकाणी येतो, हे यंत्रच मिनिटात सांगतं, फक्त त्याला विचारावं लागतं. जुळणी करताना सैल केलेली प्रत्येक अट, वेळ आणि सांगणाऱ्याच्या हुद्द्यासह नोंदून निकालासोबत जाहीर करावी. आणि नवा प्रश्न आधी गुण न धरता परीक्षेत मिसळून बघावा, जसं जीआरईमध्ये २०२३ पर्यंत केलं जात होतं. त्यात पोरांचा वेळ जातो ही तक्रार खरी आहे, आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण समाधान देणारं उत्तर नाही. निदान पेपरच्या सूचनांमध्ये तसं स्पष्ट सांगावं.

खर्चाचं म्हणाल तर साच्यांनी वाचवलेल्या मानधनाचा थोडा हिस्सा इकडे वळवा. पूर्वी ४० प्रश्नांना ४० प्रश्नांचे पैसे मिळत, आता एका साच्याला एकाच प्रश्नाचे मिळतात आणि तपासणीला काहीच नाही. माझ्या आळसाचं हे समर्थन नाही, पण कारणांपैकी एक नक्कीच आहे.

त्या मुलीला तिचा गुण मिळाला की नाही ते मला कळलेलं नाही. मी लेखी कळवलं होतं, साच्याच्या चाळीस ओळी जोडून, बिघडलेल्या पाचांवर लाल खूण करून. पोच मिळाली. तोपर्यंत निकाल लागून गेला होता. तो कागद अजून माझ्याजवळ आहे. तुमच्यापैकी कोणाला साच्यांच्या तपासणीची पद्धत बसवायची असेल तर सुरुवातीचं उदाहरण म्हणून खुशाल घ्या.

आपली,
एक पेपर सेटर

ता. क. : पत्र पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा त्या चाळीस ओळी बघितल्या. ५ आणि ६ घेतले तर उत्तर ३० तास येतं, ६ आणि ७ घेतले तर ४२ तास. दोन दिवस पाणी भरत बसलेली टाकी बघून एखादं विचारी पोर थबकलं असेल आणि उत्तर खोडून आलं असेल. हेही माझ्या नजरेतून सुटलं होतं.